गळ्यात माळ नसलेल्याला वारकरी म्हणावं का?

तुम्ही विचारलंय की माळ नाही, एकादशी नाही, घरात मटण शिजतं, अशा माणसाने केवळ चालत पंढरपूरला जातो म्हणून स्वतःला वारकरी म्हणवून घ्यावं का, आणि माणसाकडे बघून खरा वारकरी ओळखता येतो का.

माळेवरून एवढंच कळतं की या माणसाने कधीतरी शब्द दिलाय. तो पाळला जातोय का, हे वागण्यावरून कळतं. पण लोक बघतात ते वागणं भलतंच असतं. ताटात काय आहे ते दिसतं, म्हणून सगळ्यांचं बोट तिथेच जातं.

माझ्या आईचं माहेर पिढ्यानपिढ्यांचं माळकरी. तिला लहानपणीच माळ घातलेली. लग्न मात्र खाणाऱ्या घरात झालं. लग्नानंतर आठवडाभरातच सासरे म्हणाले, सून मटणाला हात लावणार नसेल तर पोरांना करून कोण घालणार? माळ उतरव. तिने उतरवली आणि देव्हाऱ्यातल्या विठोबाच्या फोटोला घातली. माळकरी घरात वाढलेल्या मुलीला हे किती जड जातं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

त्यानंतर ती दर आठवड्याला मटण करायची. पाट्यावर वाटण वाटायची, खालच्या आचेवर शिजवायची, आणि मीठ बघायची वेळ आली की मला हाक मारायची. ती पळीतला रस्सा माझ्या तळहातावर घालायची, मी चाटून ‘अजून चिमूटभर’ म्हणायचे. सगळ्यांची जेवणं झाली की भांडी घासून, डोक्यावरून पाणी घेऊन, स्वतःची भाकरी वेगळ्या तव्यावर टाकायची. एकादशी तिने एकही मोडली नाही आणि कुणाला सांगितलीही नाही. आता मला सांगा, ती तेव्हा वारकरी नव्हती का?

आम्ही भावंडं हाताशी आल्यावर ती आळंदीहून चालायला लागली, माहेरच्याच दिंडीत. दिंडीचालक माझे थोरले मामा. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला गोपीचंदन आणि बुक्का, हरिपाठ तोंडपाठ. एका वर्षी लोणंद सोडल्यावर पुढच्या बाईला उन्हाने चक्कर आली, तेव्हा तिच्या डोक्यावरची तुळस आईने आपल्या डोक्यावर घेतली. मामा विण्यापासून मागे आले, आईच्या डोक्यावरचं वृंदावन उचललं आणि दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवलं. म्हणाले, “बाय, तुझ्या गळ्यात माळ नाही.” बायका टाळ वाजवायच्या थांबल्या होत्या. आई काही न बोलता हंडेवाल्या बायकांच्याही मागे जाऊन चालायला लागली. मी तिथेच होते.

याच मामांनी आजोबा गेल्यावर तेराव्यानंतर लगेच आईला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळालेला होता. मामांना ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच घाई. त्या दिवशी एकादशी होती. कचेरीत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही, त्यांचा निर्जळ उपास होता. बाहेरच्या बाकावर बसून ते जपमाळ ओढत होते, आणि आत लिहिणारा आईला विचारत होता, “राजीखुशीने सोडताय ना?”

आता कोणी म्हणेल, एका माणसावरून संप्रदायाला बोल लावू नका. मी संप्रदायाला बोल लावतच नाही. मी म्हणते ते संप्रदायातलंच आहे. चोखोबांची समाधी कुठे आहे ते आठवा. महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीच्या समोर. ते 1338 साली गेले असं परंपरा सांगते. त्यानंतर सहाशे वर्षं त्यांच्या जातीची माणसं माळ घालून, एकादशी करून, वारी चालून आली आणि दारातूनच परत गेली. साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे त्यांच्यासाठी दार उघडायचं ठरलं. माळ हीच खरी खूण असती, तर त्या माणसांना एक दिवसही बाहेर उभं राहावं लागलं नसतं. दार अडवणाऱ्यांतल्या काहींच्याही गळ्यात माळा होत्याच. म्हणजे माळेकडे बघायचं की नाही, हे दारात उभ्या असलेल्याच्या सोयीने ठरत आलं. माझ्या आईच्या बाबतीतही तेच झालं.

आणि नावागावावरूनही कळत नाही. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. माळेगावच्या जैतुनबी मुस्लिम घरात जन्मल्या, कीर्तन करत, दिंडी घेऊन वारीला चालत. त्यांना वारकरी म्हणायला कुणाची जीभ अडली नाही. मग माझ्या आईच्या वेळी का अडावी?

एक सांगितलंच पाहिजे. आईला स्वतःला मामांचं वागणं चूक वाटत नाही. त्या रात्री तंबूत मी तिच्याशी भांडले, तर म्हणाली, “मी माळ उतरवली होती, नियम तो नियम.” सासरे गेल्यावर तिने पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात एका महाराजांच्या हातून पुन्हा माळ घेतली, आणि पुढच्या वारीत मामांनी स्वतः तिच्या डोक्यावर तुळस दिली. तिला आनंद झाला, मला राग आला. मधल्या वर्षात तिच्यात काय बदललं होतं? तेच पाय, तीच भाकरी, तोच उपास. मामांच्या नजरेला पडेल असा एक दोरा तेवढा वाढला होता.

माळ घालणाऱ्या सगळ्यांना मी ढोंगी म्हणतेय असं कृपा करून समजू नका. माळेपायी दारू सुटलेली माणसं मी आमच्याच गावात पाहिलीत. गळ्यात माळ आहे म्हणून उचललेला हात खाली घेणाराही पाहिलाय. पोराबाळांच्या घरात त्याचं मोल फार मोठं असतं. मी स्वतः अजून माळ घेतलेली नाही, पण घेतली तर ती पाळेन, एवढं मला कळतं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर म्हणवून घ्यावं की नाही हे त्या माणसाला ठरवू द्या. दिंडीचे नियम दिंडीने ठेवावेत. विणा, पताका, तुळस कुणी धरायची हे चालकांनी आळंदीतच, भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणाखाणाची वर्गणी, घेतानाच सांगून टाकावं. भर रस्त्यात बाईच्या डोक्यावरून तुळस काढू नये. आणि ओळखायचंच असेल, तर तो माणूस बहिणीचा वाटा देतो का, घरातल्या बायकांशी कसा बोलतो, मुक्कामाला पाण्याच्या टँकरपुढे रांग मोडतो का, हे बघा.

माझा मामेभाऊ हे वाचेलच. अजूनही लग्नाकार्यात तो म्हणतो की आत्या त्या काळात वारकरी नव्हतीच. तुझ्या घरी सातबारा आहे. तिचं नाव त्यावरून कोणत्या फेरफाराने कमी झालं, ते यंदा दिंडीत सगळ्यांसमोर वाचून दाखव. माळेचं आपण त्यानंतर बोलू.