श्टुटगार्टला एक वर्ष शिकायला येणाऱ्यासाठी

तू विचारलंयस की ऑक्टोबरपासून एक वर्ष एक्स्चेंजवर जर्मनीत श्टुटगार्टला चाललोय, पुण्याहून काय काय सामान आणू. (अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस, माझा धाकटा भाऊ तुझ्याच वयाचा आहे.) सामानाचं सांगते, पण त्याआधी घराचं बघ, कारण इथे सगळं पत्त्यावर अडतं.

म्हणजे बघ, व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरतोस, पण ते एकदम हातात येत नाहीत, महिन्याला ९९२ मिळतात आणि तेही इथलं चालू खातं उघडल्यावर. खात्यासाठी बऱ्याच बँका शहराच्या ऑफिसातली नोंदणी मागतात, ज्याला इथे आन्मेल्डुंग म्हणतात. ती राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची असते आणि तिला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. आणि घर हवं तर आधी डिपॉझिट, जे खाजगी घराला तीन महिन्यांच्या भाड्याइतकंही असू शकतं! त्यामुळे पहिल्या दीड-दोन महिन्यांचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डवर वेगळे ठेव. बाबांना आत्ताच सांगून ठेव, नंतर घाईत पाठवायला लावू नकोस.

होस्टेलसाठी श्टुडिअरेनडेनवेर्ककडे (विद्यार्थ्यांची होस्टेल-मेस बघणारी संस्था) अ‍ॅडमिशन पक्की झाली की त्याच दिवशी अर्ज टाक. युनिव्हर्सिटीचे दोन कॅम्पस आहेत, एक गावात आणि दुसरा फाइहिंगनला. इंजिनिअरिंगचे बरेचसे क्लास फाइहिंगनला होतात, तिथलीच होस्टेल मिळाली तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाली तरी घाबरू नको, एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल ट्रेनने, गावातून दहा-पंधरा मिनिटांत पोचतोस. ऑनलाइन घर बघताना मालक 'मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअर करतो' म्हणाला की तिथेच बोलणं बंद कर, मग फोटो कितीही भारी असोत.

आता सामान. थंडीचे कपडे तिकडून भरून आणू नकोस, इथे बरे आणि स्वस्त मिळतात. छोटा स्टीलचा कुकर आण, सपाट बुडाचा, बऱ्याच ठिकाणी इंडक्शन असतं आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा चालत नाही. जास्तीची रबर रिंग पण टाक. गोडा मसाला, कोकम आण, डाळ-तांदूळ इथे मिळतात. आई तुपाचा डबा आणि पेढे देईलच, पण युरोपाबाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, कस्टमवाले कचऱ्यात टाकतात, तेव्हा तिला आधीच समजाव. (माझ्या आईला अजून पटलेलं नाहीये.)

अभ्यासाचं एकच, पण महत्त्वाचं. वर्गात हजेरी बहुतेक ठिकाणी कोणी विचारत नाही, त्यामुळे सुरुवातीला मजा वाटते. पण परीक्षेला वेगळं रजिस्टर करावं लागतं, त्याची मुदत ठरलेली असते आणि ती गेली की परीक्षाच देता येत नाही, मग कितीही गयावया कर. मार्कही उलटे, १.० सगळ्यात चांगला आणि ४.० म्हणजे काठावर पास. तुमच्या कॉलेजात ते कसे धरणार, हे निघायच्या आधी लेखी घेऊन ठेव, एक्स्चेंजवाल्यांचं घोडं नेहमी इथेच पेंड खातं.

बाकी रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी भर. शेअर्ड घरात किंवा बिल्डिंगमध्ये 'केअरवोख' असू शकतो, म्हणजे जिना झाडायची आठवड्याची पाळी. श्वाबियन, म्हणजे इथले स्थानिक लोक त्यात जराही सूट देत नाहीत, तेव्हा निमूटपणे झाडायचं. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, त्याचा त्रास होतो बरं का, रोज दुपारी थोडं बाहेर पडत जा.

आणि परत जाताना शहराच्या ऑफिसात नाव काढून टाक, नाहीतर रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचे महिन्याला १८.३६ युरो मागणारी पत्रं येत राहतात. इथलं बँक खातं मात्र लगेच बंद करू नकोस, डिपॉझिट परत यायला काही महिने लागतात.