'७२ सीझन्स'वरून पेटलेलं भांडण आणि तुमचे प्रश्न

या वेळी सदराला आलेल्या पत्रांमधे मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या '७२ सीझन्स'चीच पत्रं जास्त निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ, आज फक्त हाच अल्बम. १४ एप्रिल २०२३ ला आलाय तो, पण अजून कुणाचं एकमत नाही. आपल्याकडे मराठवाड्यात मेटल ऐकणारे मुळात थोडे, एकमेकांना शोधून शोधून भेटलेले, आणि तेच लोक एका अल्बमपायी एकमेकांशी बोलेनासे झाले की मला खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: दादा, आम्ही नांदेडचे कॉलेजपासूनचे मित्र. आता सगळे नोकरीधंद्याला लागलो तरी मेटॅलिका काही सुटली नाही, २०११ ला बेंगलुरूला शो झाला तेव्हा आमच्यातले दोघं रेल्वेनं गेलते. आता नव्या अल्बमवरून ग्रुपवर रोज भांडण चालूय. एकजण म्हणतो १९९१ च्या ब्लॅक अल्बमनंतर इतकं भारी काही आलंच नाही. दुसरा म्हणतो सगळी गाणी एकसारखी, लई लांबवलंय, अर्ध्यातच झोप येते. तिसरा तर १९८८ च्या पुढचं काही मानतच नाही, न ऐकताच नावं ठेवायलाय. मला काही गाणी लई आवडली, काही नाही आवडली, तर दोन्हीकडून बोलणी खायलोय. तुम्हीच सांगा कोण बरोबर?
— एक वाचक, नांदेड

उत्तर: भाऊ, चौघांत अल्बम नीट ऐकलेला माणूस मला तरी तुम्हीच वाटता, कारण हा अल्बम आहेच तसा, काही गाणी एकदम वरची आणि काही नुसती जागा भरायला.

आधी दुसऱ्या मित्राचं घेऊ, कारण त्याच्या बोलण्यात दम आहे. १२ गाणी, ७७ मिनिटं. याच बँडचा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' बघा, ८ गाणी आणि ५५ मिनिटांच्या आत खेळ खलास. तेव्हा एलपी म्हणजे तबकडीच्या दोन बाजूंत मावेल तेवढंच ठेवावं लागायचं, त्यामुळे कापाकापी आपोआप व्हायची. पुढे सीडी आली, तिच्यात ८० मिनिटांपर्यंत मावायचं, तर १९९६ चा 'लोड' थेट ७९ मिनिटांवर गेला, आणि आता तर मोबाईलवर ऐकायचं म्हणल्यावर कसलीच अडवणूक नाही. बँडही स्वतःचा, कंपनीही स्वतःची, मग हे गाणं काढा म्हणून सांगणार कोण? '७२ सीझन्स' मधेच ढेपाळतो तो इथंच. चौथं 'स्लीपवॉक माय लाइफ अवे' आणि पाचवं 'यू मस्ट बर्न', दोन्ही सात-सात मिनिटांच्या आसपास, दोन्हीची चाल मध्यम, आणि एकामागोमाग एक लावून ठेवलीत, तिथंच तुमच्या मित्राला झोप येत असणार. त्याला म्हणावं एकदा असं लावून बघ: पहिली तीन गाणी, मग 'लक्स इटर्ना', 'चेझिंग लाइट', 'रूम ऑफ मिरर्स' आणि शेवटी 'इनामोराटा'. सगळं मिळून साधारण ४६ मिनिटं होतात. एवढाच अल्बम काढला असता तर माझ्या मते आज भांडणच झालं नसतं.

आता तिसरे, १९८८ वाले. त्यांच्यावर चिडू नका पण त्यांना एक आठवण करून द्या. १९८४ ला 'फेड टू ब्लॅक' आलं, सुरुवातीला शांत अकूस्टिक गिटार, तेव्हाच कितीतरी फॅन म्हणले की झालं, हे विकले गेले. आज तेच गाणं लोक डोळे मिटून म्हणतात. आणि ज्या १९८८ च्या अल्बमवर तुमचा मित्र थांबलाय, त्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' मधे बेस गिटार इतकी दाबलीय की जेसन न्यूस्टेड वाजवतोय का नाही तेच कळत नाही, आणि ही तक्रार लोक अजून करतात. आधीचा बेसवाला क्लिफ बर्टन १९८६ ला स्वीडनमधे बस उलटून गेला, त्याच्या जागी आलेल्या पोराच्या पहिल्याच मोठ्या अल्बममधे त्याचा आवाजच नाही, याचा मला तर आजही राग येतो. मग १९९१ ला निर्माता बॉब रॉकसोबत ब्लॅक अल्बम, तेव्हा गाणी सोपी केली म्हणून ओरड, 'लोड'च्या वेळी केस कापले म्हणून ओरड, २००३ च्या 'सेंट अँगर'ला गिटारचे सोलो नाहीत म्हणून ओरड. म्हणजे या बँडचा एकही अल्बम बिनभांडणाचा गेलेला नाही. ज्याला जिथं थांबायचं तिथं त्यानं थांबावं, तो त्याचा हक्क आहे, पण न ऐकता बोलायचं हे मला बिलकुल पटत नाही.

पहिल्या मित्राला जे आवडलंय ते मला वाटतं गाण्यांच्या शब्दांत आहे. ७२ सीझन्स म्हणजे आयुष्याची पहिली १८ वर्षं, वर्षाचे चार मोसम धरून. या वर्षांत आईबापांनी, घरानं, धर्मानं तुमच्यात जे भरलं त्याचं पुढं आयुष्यभर काय होतं, हा सगळ्या अल्बमचा विषय. गाणारा आणि गिटार वाजवणारा जेम्स हेटफील्ड, त्याचं घर औषधपाणी न मानणाऱ्या पंथाचं, आई कॅन्सरनं गेली तेव्हा तो १६ वर्षांचा. २०१९ ला तो व्यसनासाठी परत उपचार घ्यायला गेला, त्यापायी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे शो रद्द करावे लागले. त्यानंतर आलेला नव्या गाण्यांचा हा पहिला अल्बम, आणि तो आला तेव्हा हेटफील्ड ५९ वर्षांचा होता. विशी-पंचविशीत तो जगावर ओरडत होता, इथं तो स्वतःच्या आत बघायलाय. 'इनामोराटा'मधे तर तो स्वतःच्या दुःखाबद्दलच बोलतो, की ते सुटत नाही कारण आपणच त्याला धरून बसलोय. ११ मिनिटं १० सेकंद, बँडनं एकट्यानं केलेल्या स्वतःच्या गाण्यांत सगळ्यात लांब, मधे सगळं थांबतं आणि रॉबर्ट ट्रुहियोचा बेस एकटाच चालत राहतो, मग हळूहळू गिटार परत येतात. ज्याला हा अल्बम आवडला नाही त्यानं निदान एवढं एक गाणं रात्री दिवे घालवून हेडफोनवर पूर्ण ऐकावं, मग बोलावं.

माझं मत विचाराल तर पहिल्या चार अल्बमच्या रांगेत हा बसत नाही. पण १९९१ नंतर जे जे आलं त्यात मी याला वरच्या दोनांत धरतो. २०२४ ला याच्या टायटल साँगला ग्रॅमीही मिळाली, पण ग्रॅमीवरून भांडण मिटवू नका, ते काही खरं माप नाही. आणि ग्रुपवर टाइप करून भांडण्यापेक्षा कुणाच्यातरी घरी जमा, बरे स्पीकर लावा, एकेक गाणं झालं की बोला. समोरासमोर बसलं की माणूस तेवढं टोकाचं बोलत नाही.

प्रश्न: सर, मी छत्रपती संभाजीनगरला गिटार शिकवतो. मेटॅलिकाचा लीड गिटारवाला कर्क हॅमेट, त्याचे या अल्बममधले सोलो ऐकून माझं मन उडालं. तेच पाच सुरांचं पेंटॅटॉनिक, पायानं आवाज वळवायचं तेच वाह पेडल, काहीतरी बसवलंय असं वाटतच नाही. वरून ड्रमचा स्नेअर सगळ्यांच्या पुढं. माझे विद्यार्थी म्हणतात सर तुम्ही उगंच खोट काढताय. मी चूक आहे का?
— एक गिटारवाला

उत्तर: सोलोबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. 'मास्टर ऑफ पपेट्स' किंवा ब्लॅक अल्बमचे सोलो आधी बसवलेले असायचे, एक सूर हलवला तर सगळं पडेल असे, तुम्ही ते तोंडानं गुणगुणू शकता. या वेळी हॅमेटनं ठरवूनच मोकळं वाजवलं, हाताला येईल ते वाजवून द्यायचं आणि त्यातून निवडायचं. त्यामुळे काही ठिकाणी सोलो नुसता येतो आणि जातो, मागं काही ठेवत नाही. 'यू मस्ट बर्न'मधे मलाही तेच वाटलं. पण 'रूम ऑफ मिरर्स'मधे दोन गिटार जोडीनं चालतात ते ऐका, ते नीट रचलेलं आहे आणि जुन्या ब्रिटिश मेटलची आठवण करून देतं, ज्या संगीतावर ही सगळी मंडळी वाढली. 'लक्स इटर्ना' तर सरळ त्याच संगीताला केलेला नमस्कार आहे.

स्नेअरबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. 'सेंट अँगर'मधे ड्रमर लार्स उलरिकनं स्नेअरच्या तारा ढिल्या सोडून वाजवलं आणि पत्र्याच्या डब्यावर काठी मारावी तसा आवाज आला, तो ऐकलेला माणूस याला वाईट म्हणूच शकत नाही. २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक'मधे आवाज इतका दाबून मोठा केला होता की तो फाटत होता, तीच गाणी 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधे जास्त स्वच्छ ऐकू येत होती, आणि फॅननी परत मिक्स करा म्हणून सह्यांची मोहीम काढली होती. त्याच्याशी ताडून बघितलं तर निर्माता ग्रेग फिडेलमननं इथं बरं काम केलंय, बेससुद्धा ऐकू येतो. अट एकच, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून मिक्सिंगवर बोलू नये, त्यात खालचे सूर येतच नाहीत.

आणि सर, एक विनंती. विद्यार्थ्यांना यातले सोलो शिकवू नका, हेटफील्डचा उजवा हात शिकवा. 'शॅडोज फॉलो' लावा आणि पोरांना फक्त वरून खाली अशा स्ट्रोकनं पूर्ण गाणं वाजवायला सांगा. मनगट भरून येईल. साठीला आलेला माणूस हे सहा मिनिटं न थांबता वाजवायलाय, ते पोरांना हातानं कळू द्या.

प्रश्न: भाऊ, हा प्रश्न तुमच्या सदरात बसतो का नाही मला माहीत नाही. माझा मुलगा लातूरला रूम करून राहतो, नीटचं दुसरं वर्ष आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या मोबाईलवर एका इंग्रजी गाण्याचं नाव दिसलं, त्यात सुइसाइड शब्द होता. तेव्हापासून मला झोप नाही. त्याच्या मित्राला विचारलं तर म्हणला काकू मेटॅलिकाचं नवीन गाणं आहे, भारी आहे. असली गाणी ऐकून पोरं बिघडतात का? मी ते बंद करायला सांगू का?
— एक आई, अहमदपूर तालुका

उत्तर: ताई, बसतो, आणि बरं केलं तुम्ही लिहिलं. त्या गाण्याचं नाव 'स्क्रीमिंग सुइसाइड'. नाव ऐकून कुणीही आई घाबरेल. पण गाणं मरायला सांगत नाही. लोक हा शब्द तोंडातून काढायलाच घाबरतात, आतला अंधार कुणाला सांगत नाहीत, तर ते बोला, तुम्ही एकटे नाहीत, असं ते गाणं आहे. लिहिणाऱ्या हेटफील्डनंही हेच सांगितलंय की या विषयावर बोललं जावं म्हणूनच हे लिहिलं. त्यामुळे बंद कर म्हणू नका. तुम्ही बंद कर म्हणलात तर गाणं बंद होणार नाही, तुमच्याशी बोलणं बंद होईल.

पण गाणं वाईट नाही म्हणजे पोरगं ठीकच आहे असंही धरून चालू नका. दुसरं वर्ष, घरापासून लांब, दर आठवड्याला टेस्ट आणि त्याचे मार्क, पोरांवर ताण असतोच. त्याला सरळ म्हणा, बाबा ते गाणं मला पण ऐकव, काय म्हणतोय तो सांग. अर्थ सांगता सांगता पोरं स्वतःचंही सांगतात. रॅंक, मार्क हा विषय त्या दिवशी काढू नका. तुझ्या मनात कधी असं येतं का, हेही सरळ विचारा, विचारल्यानं पोराच्या डोक्यात नवीन काही भरत नाही, उलट त्याला बोलायला वाट मिळते. तो जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, मित्रांना टाळत असेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकत असेल, मी नसतो तर बरं झालं असतं असं काही बोलत असेल, तर वाट बघू नका, जाऊन त्याच्याजवळ राहा आणि मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेली मानस म्हणून फुकट हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. पोरालाही तो नंबर देऊन ठेवा आणि तुम्हाला घाबरं झालं तर तुम्हीसुद्धा लावा.

प्रश्न: मी बारावीला आहे, परभणी. मेटल आत्ताच ऐकायला लागले. मामेभाऊ म्हणतो आधी जुने अल्बम ऐक, नवा ऐकायची तुझी लायकी नाही. खरंच आधी जुने ऐकावे लागतात का?
— एक वाचक

उत्तर: अजिबात नाही, आणि लायकी वगैरे बोलणाऱ्या मामेभावाचं मनावर घेऊ नको. 'लक्स इटर्ना'पासून सुरू कर, साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. आवडलं तर नव्या अल्बमचं टायटल साँग, मग मागं जाऊन 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि 'फेड टू ब्लॅक'. 'इनामोराटा' परीक्षा झाल्यावर निवांत ऐक, घाईत ऐकायचं गाणं नाही ते. आणि कोणतं आवडलं, कोणतं नाही, तेवढं लिहून पाठव.