दोन दात की चार? बकरी ईदच्या कुर्बानीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे वडीलधारी म्हणतात, कुर्बानीचा बोकड दोन वर्षांचा हवा. पुण्यातले शेजारी वर्षाचा चालतो म्हणतात. खरं काय? (खेड, जि. रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही खरं. शाफई आणि हनफी या इस्लामी धर्मशास्त्राच्या दोन परंपरा. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. हनफी मतानुसार बोकडाला एक वर्ष पूर्ण हवं, शाफई मतानुसार दोन. बाजारात जन्मतारीख कुणी देत नाही, म्हणून खालचा ओठ बाजूला करून दात बघायचे. मधले दोन दुधाचे दात पडून रुंद, पक्के दात आले असतील तर वर्ष उलटलं. चार पक्के दात साधारण दोन वर्षांच्या सुमारास येतात. तेव्हा शाफई घरानं ‘दोनदाती’ एवढ्यावर समाधान मानू नये. शक्य असेल तर पाळणाऱ्याकडूनच बोकड घ्यावा, वय नीट कळतं.

मग त्याला दहा पावलं चालवून बघा. स्पष्ट लंगडा, एका डोळ्यानं आंधळा, आजारी किंवा हाडांचा सापळा झालेला बोकड कुर्बानीला चालत नाही. पोट फुगीर दिसलं तरी पाठीच्या कण्यावर हात फिरवा. भरलेलं अंग तिथं कळतं. कानाबाबत शाफई मत कडक आहे : चीर किंवा भोक असेल तर हरकत नाही, पण तुकडाच कापून गेला असेल तर तो बोकड सोडा. खच्ची बोकड दोन्हीकडे चालतो.

प्रश्न : गेल्या वर्षी आमचा बोकड फार तडफडला. काय चुकलं असेल? (मिरज)

उत्तर : बहुतेक वेळा सुरी चुकते. पातं बोथट किंवा आखूड असलं की करवतीसारखं घासावं लागतं, आणि ते जनावराच्या वाट्याला येऊ नये. गळ्याच्या रुंदीहून बरंच लांब पातं घ्या, धार आदल्या दिवशी लावा. जनावरासमोर धार लावू नये, दुसऱ्या जनावरासमोर कापू नये. आधी पाणी पाजा. डाव्या कुशीवर, किब्ल्याकडे, म्हणजे मक्केतल्या काबाच्या दिशेला, तोंड करून निजवा. आपल्याकडे किब्ला पश्चिमेला. ‘बिस्मिल्लाही अल्लाहू अकबर’ म्हणून कंठमण्याच्या खाली जोरकस, सलग हात चालवा. श्वासनलिका, अन्ननलिका आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या कापल्या गेल्या पाहिजेत. मणक्यापर्यंत जाऊ नका, मान मोडू नका. रक्त वाहून गेल्यावरही पाय झाडले जातात. ती स्नायूंची हालचाल असते. त्या वेळी घाई करून कातडं सोलायला घेणं हा मात्र सर्रास होणारा अपराध आहे. अंग पूर्ण शांत होऊ द्या.

प्रश्न : एवढ्या पैशांत गरिबाला मदत केली तर नाही का चालणार? (नाशिक)

उत्तर : दान वर्षभर करावं, जरूर करावं. पण कुर्बानीच्या दिवसांत ते कुर्बानीची जागा घेत नाही, कारण ही पैगंबर हजरत इब्राहीम यांच्या समर्पणाची आठवण ठेवणारी इबादत, म्हणजे उपासना आहे. कुराणच्या बाविसाव्या सूरेत (अध्यायात) स्पष्ट म्हटलं आहे की मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा, म्हणजे ईश्वराची जाण ठेवून वागणं. गरिबाचा वाटा त्यातच आहे. घर, नातलग-शेजारी आणि गरीब असे तीन वाटे करण्याची रीत चांगली. शाफई मतानुसार काही कच्चं मांस गरिबाला देणं बंधनकारकच आहे. आणि चरबी-हाडांचा वाटा गरिबाला, मांडी फ्रीजरला, असं करू नका. कसायाची मजुरी रोख द्या. मांस किंवा कातडं मजुरीपोटी देता येत नाही.

प्रश्न : मी कुवेतला असतो, कुर्बानी गावी होते. तारखेचं काय? (मूळचे राजापूर)

उत्तर : दुसऱ्याला वकील, म्हणजे आपला प्रतिनिधी, नेमून कुर्बानी करता येते. आखातात ईद बऱ्याचदा आपल्या एक दिवस आधी येते. गावी बारावी तारीख असते तेव्हा तुमच्याकडे तेरावी उजाडलेली असते. हनफी मतानुसार कुर्बानी जिल्हज या इस्लामी महिन्याच्या 10 ते 12 तारखेपर्यंत, शाफईनुसार 13 पर्यंत. दोन्हीकडच्या तारखा सांभाळायच्या तर गावी पहिल्याच दिवशी, ईदच्या नमाजनंतर उरकायला सांगा. नमाजआधी कापलं तर ते नुसतं मांस ठरतं. जिल्हजचा चंद्र दिसल्यापासून रीतीप्रमाणे तुम्ही केस-नखं काढत नसाल, तर कुर्बानी झाल्याचा फोन आल्यावरच काढा.