वचन अर्धे ऐकू नका, औषध मनाने सोडू नका

ख्रिस्ती वाचकांच्या पत्रांत त्याच पाच-सहा शंका फिरून फिरून येतात. गाव कधी वास्को असते, कधी म्हापसा, कधी फोंडा. वाक्य मात्र एकच असते: ‘सभेत असं सांगितलं.’ पवित्र शास्त्रात काय लिहिले आहे, ते पत्रात नसते. म्हणून खालच्या उत्तरांत अध्याय आणि वचन दिले आहे. ते उघडून, आधीच्या आणि नंतरच्या दहा ओळींसकट वाचा.

प्रश्न (म्हापसा): गोंयच्या सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियर) फेस्ताआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरली होती. ड्युटीमुळे एक दिवस चुकला. आधीचे दिवस वाया गेले का?

नाही. उद्या जा.

प्रश्न (डिचोली): ‘हा मेसेज बारा जणांना पाठवा, नाहीतर सात दिवसांत वाईट बातमी येईल’ असा येशूच्या चित्रासह मेसेज आला आहे. न पाठवणे म्हणजे प्रभूला नाकारणे होते का?

पुसून टाका. भीती घालून पुढे ढकलायला लावणारा निरोप देवाचा नसतो.

प्रश्न (फोंडा): पती वारले. पगार अठरा हजार. पाळक म्हणतात, पी.एफ. कापण्याआधीच्या पूर्ण पगारावर दशमांश (दहावा भाग) द्या, नाहीतर ती देवाची चोरी आहे. दिलात तर शंभरपट परत मिळेल. घरभाडे दोन महिने थकले आहे. काय करू?

आधी भाडे द्या.

‘देवाची चोरी’ हे शब्द मलाखी ३:८ मधले आहेत. दोन वचनांनंतर ज्या भांडाराचा उल्लेख येतो, ते यरुशलेमच्या मंदिराचे कोठार होते. तिथे धान्य, द्राक्षारस आणि तेल साठवत. मंदिराची सेवा करणाऱ्या लेवी वंशाला जमिनीची वाटणी नव्हती (गणना १८:२१-२४), त्यांचे पोट या साठ्यावर चाले. लोकांनी देणे थांबवले तेव्हा लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे पळाले, असे नहेम्या १३:१० सांगते. चोरीचा आरोप होता तो यासाठी. आणि तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, तो लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून (अनुवाद १४:२८-२९). बाई, त्या नियमाप्रमाणे तुम्ही घेणाऱ्यांच्या ओळीत बसता. मलाखी ३:५ तर सभेत कोणी वाचतच नाही. मजुराची मजुरी बुडवणारे, विधवेला आणि अनाथाला पिळणारे यांच्याविरुद्ध देव साक्ष देईन म्हणतो, तो याच अध्यायात.

दशमांश शिस्त म्हणून पाळणारी पुष्कळ चांगली कुटुंबे आणि मंडळ्या आहेत. त्यांना माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो धमकीला आणि परताव्याच्या हिशेबाला. पौल देणगी मागतो तेव्हा ‘जसे असेल त्या मानाने, नसेल त्या मानाने नव्हे’ असा अर्थ स्पष्ट करतो (२ करिंथ ८:१२), आणि दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नका म्हणतो (९:७). शंभरपटीचे वचन मार्क १०:३० मध्ये आहे, आणि त्याच वाक्यात ‘छळणुकीसह’ हा शब्दही आहे. तो कसा गाळला जातो, हे विचारा.

कर्ज काढून किंवा दागिना गहाण ठेवून दान देऊ नका. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, वर्षाचा तपासलेला हिशेब मंडळीच्या सभेत मागा. आणि भाडे थकले आहे हे मंडळीतल्या एका जाणत्या वडीलधाऱ्याला सांगा. मदत करणे हे मंडळीचेच काम आहे.

प्रश्न (वास्को): सासूबाई इन्सुलिन घेतात, दिराला फिट येतात. प्रार्थनासभेत सांगितले की ‘त्याच्या फटक्यांनी तुम्ही बरे झालात, आता औषध घेणे म्हणजे अविश्वास’. दोघांनी रविवारपासून औषध बंद केले आहे. घरातल्यांनी काय करावे?

हा अंक खाली ठेवा आणि दोघांना आज, या घटकेला डॉक्टरकडे न्या. औषधांच्या पट्ट्या आणि जुने कागद बरोबर घ्या. सासूबाईंना फार तहान, वारंवार लघवी, उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास किंवा गुंगी, यातले काहीही असेल तर दवाखाना उघडण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. दिराची फिट पाच मिनिटांहून जास्त चालली, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तरी तेच. तोवर कुशीवर वळवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका. बंद केलेल्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेने आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. फिटच्या काही गोळ्या खंड पडल्यावर परत लहान मात्रेपासून वाढवाव्या लागतात. ते डॉक्टर ठरवतील.

हे पुन्हा पुन्हा का घडते, तेही समजून घ्या. औषध बंद केल्यावर पहिले काही दिवस बहुतेक आजारांत काहीच जाणवत नाही. रक्तदाब वाढलेला कळत नाही. साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा एका आठवड्यात फारसा हलत नाही. क्षयरोगाच्या सहा महिन्यांच्या औषधांत दोन महिन्यांतच खोकला थांबतो, वजन भरते, आणि रोगी स्वतःला बरा समजतो. नेमक्या या मोकळ्या दिवसांत त्याला मंचावर साक्ष द्यायला उभे करतात. चार महिन्यांनी क्षय उलटतो, आणि तोही कधी कधी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा होऊन, तेव्हा त्याला पुन्हा मंचावर कोणी बोलावत नाही. उलट ‘विश्वास कमी पडला’ म्हणून दोष त्याच्याच माथी येतो. ज्यांना जन्मभर इन्सुलिन लागते अशा टाइप १ मधुमेहाच्या मुलांना तर ही सवलतही नाही. इन्सुलिन तुटल्यावर एक-दोन दिवसांत जीव धोक्यात येतो.

आता वचनाकडे. ते यशया ५३:५ मधले आहे. १ पेत्र २:२४ तेच वचन पापातून सुटण्यासाठी वापरतो. मत्तय ८:१७ यशयाच्या त्याच अध्यायातले चौथे वचन येशूने रोगी बरे केले त्याला लावतो, हेही खरे. पण ‘औषध टाका’ असे तिन्ही ठिकाणी नाही. प्रभू स्वतः म्हणतो, वैद्याची गरज दुखणाइतांना असते (मत्तय ९:१२). लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४). राजा हिज्कीयाला बरे करण्याचे वचन देवाने दिले, आणि तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला लावले (यशया ३८:२१). पौलाने तीमथ्याच्या पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस सुचवला (१ तीमथ्य ५:२३), आणि आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून तो पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). यातल्या कोणाचा विश्वास कमी होता? कॅथलिक बायबलात असलेल्या सिराकच्या पुस्तकाच्या ३८ व्या अध्यायात तर वैद्याचा मान ठेवा आणि औषधे परमेश्वरानेच जमिनीतून उत्पन्न केली, असे सरळ शिकवले आहे.

प्रार्थना जरूर करा. याकोब ५:१४ मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगते, आणि कॅथलिक फादर आजाऱ्याचे तैलाभ्यंग घरी येऊन देतात. बरे झाल्याची खूण मंचावर मिळत नाही, तपासणीत मिळते. दहा कुष्ठरोग्यांना येशूने याजकांकडे पाठवले (लूक १७:१४), कारण लेवीय १४ प्रमाणे शुद्ध झाल्याचा निर्णय याजक तपासून देई. फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्री १८५८ पासून बरे झाल्याचे हजारो दावे आले. त्यातले चर्चने चमत्कार मानले ते सुमारे ७०. बरे होणे अचानक, पूर्ण आणि टिकाऊ आहे का, हे आधी डॉक्टरांनी तपासले. रोगमुक्तीच्या प्रार्थनासभांत उन्माद आणि तमाशा होऊ देऊ नका, अशी लेखी सूचना व्हॅटिकनने २००० साली दिली. देवाने खरेच बरे केले असेल तर रक्ताच्या तपासणीला घाबरायचे कारण काय? तपासणी करा. गोळी कमी करायची असेल तर ती लिहून देणारा डॉक्टरच कमी करील.

कोणत्याही सभेत कोणीही औषध थांबवायला सांगितले, तर त्या सभेला पुन्हा जाऊ नका आणि आपल्या पॅरिशच्या फादरांना किंवा मंडळीच्या पाळकांना त्याच दिवशी कळवा. ‘बघू, पुढच्या रविवारी बोलू’ म्हणू नका.

प्रश्न (मडगाव): अन्य भाषा (प्रार्थनेत आत्म्याने सुचलेली, न शिकलेली भाषा) बोलता येत नसेल तर पवित्र आत्मा मिळालेला नसतो, हे खरे का?

१ करिंथ १२:३० वाचा. ‘सगळेच अन्य भाषा बोलतात काय?’ हा पौलाचा प्रश्न आहे आणि उत्तर ‘नाही’ असेच गृहीत आहे. १४:२७-२८ मध्ये सभेत दोघे, फार तर तिघे, तेही पाळीपाळीने बोलोत, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसोत, असा नियम आहे. लहान मुलांना शब्द घोकवून ‘भाषा’ शिकवणारे शिबिर असेल, तर मुलांना पाठवण्याआधी आपल्या पाळकांना विचारा.

प्रश्न (कुंकळ्ळी): आमचे पूर्वज मूर्तिपूजक होते, त्याचा शाप म्हणून मुलीचे लग्न ठरत नाही, असे एका प्रचारकाने सांगितले. वंशावळ लिहून दिल्यास प्रत्येक पिढीमागे दोन हजार घेऊन तो शाप तोडून देतो.

एक रुपयाही देऊ नका. गोव्यात बहुतेक ख्रिस्ती घरांचे मूळ हिंदू आहे. हा ‘शाप’ प्रत्येक दारावर विकता येतो म्हणूनच विकला जातो. बापाच्या पातकाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीला, असे म्हणणारे निर्गम २०:५ पुढे करतात, पण यहेज्केल १८:२० म्हणते, मुलगा बापाच्या पातकाचा भार वाहणार नाही. जन्मांधाकडे बोट दाखवून ‘पाप कोणाचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने ना त्याचे ना आईबापांचे, असे उत्तर दिले (योहान ९:३). देवाचे दान पैशाने मिळवू पाहणाऱ्या शिमोनाला पेत्राने काय सुनावले ते प्रेषित ८:२० मध्ये आहे. वंशावळीचा कागद दिला असेल तर परत मागा, त्यात घरच्यांची नावे आहेत. मनाला ओझे वाटत असेल तर फादरांशी बोला, ते पैसे घेणार नाहीत.

प्रश्न (पेडणे): चवथीला शेजारून नेवऱ्या (करंज्या) येतात. आमचा प्रार्थनागट त्या फेकून द्यायला सांगतो.

१ करिंथ ८ आणि १०:२५-३१ एकत्र वाचा. शेजाऱ्याचे प्रेम म्हणून आलेले खाणे खाता येते. नैवेद्याचे म्हणून सांगून दिले आणि मनाला टोचले, तर गोड शब्दांत नको म्हणा. फेकू नका. नाताळात आपले ताट त्यांच्याकडे जातेच ना? शंका राहिली तर आपल्या पाळकांना विचारा.

प्रश्न (काणकोण): एका व्हिडिओत प्रभूच्या येण्याची तारीख सांगितली आहे. शेत विकावे का?

विकू नका. अमेरिकेत मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ धरली होती, रेडिओवरचे प्रचारक कॅम्पिंग यांनी २१ मे २०११ सांगितली. दोन्ही तारखा तशाच गेल्या. मार्क १३:३२ वाचा.

प्रश्न (साळगाव): मुलाला कतारला जायचे आहे. पासपोर्टावर अभिषेकाचे तेल लावून प्रार्थना केली की व्हिसा नक्की, फी पंधरा हजार, असे म्हणतात. तोच माणूस एजंटही गाठून देतो.

‘फुकट मिळाले, फुकट द्या’ (मत्तय १०:८). व्हिसा तेलाने मिळत नाही, तेलाने पासपोर्टाची पाने मात्र खराब होतात आणि विमानतळावर अडवू शकतात. एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, नोंदणी अजून चालू आहे का, हे नोंदणी क्रमांक घालून पाहा. पासपोर्ट मूळ स्वरूपात कोणाच्या ताब्यात ठेवू नका, रोख देऊ नका, नोकरीचा करार वकिलाला दाखवा. पैसे आधीच दिले असतील तर पावती, फोनवरचे मेसेज आणि तारखा एका कागदावर लिहून पोलीस ठाण्यात तक्रार द्या, आणि तिची पोच घ्या.