विचारा ताईला : झगा गेला, साडी आली, मग सिस्टर त्याच कशा?

मागच्या अंकात मी आमच्या गावच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. म्हणून या वेळी सोयाबीनवरची अळी, सातबारावरचं नाव वगैरे सगळं बाजूला ठेवते, ते पुढच्या अंकात नक्की. आज फक्त सिस्टर.

प्रश्न (दारव्हा तालुका) : ताई, सरकारी दवाखान्यातली नर्स पण सिस्टर आणि चर्चमधली पण सिस्टर. या दोघी एकच का? आणि चर्चवाल्या सगळ्या मदर तेरेसांच्याच असतात ना?

दोन्ही नाही. नर्सला आपण सिस्टर म्हणतो कारण युरोपात शेकडो वर्षं आजाऱ्यांची सेवा बरीचशी याच चर्चच्या बायकांनी केली, काम पुढं पगारी झालं पण हाक तीच राहिली. तुमच्या पीएचसीतली सिस्टर घरी जाऊन पोळ्या लाटते, पोरांचा अभ्यास घेते. चर्चची सिस्टर लग्न करत नाही, तिचं घर म्हणजे कॉन्व्हेंट. (आपल्याकडं कॉन्व्हेंट म्हणजे इंग्लिश मीडियमची शाळा, मग ती कोणा भाऊसाहेबांची का असेना! खरा अर्थ सिस्टर जिथं एकत्र राहतात ते घर.)

आणि मदर तेरेसांचं म्हणाल तर त्या स्वतःच आधी दुसऱ्या संघात होत्या, लोरेटोच्या. (संघ म्हणजे एकाच नियमानं राहणाऱ्या सिस्टरांचा गट.) १९४८ मध्ये तिथून बाहेर पडून त्यांनी निळ्या काठाची पांढरी साडी घेतली आणि त्यांचा स्वतःचा संघ १९५० मध्ये सुरू झाला. म्हणजे निळे काठ दिसले तर मदर तेरेसांच्या, बाकीच्यांचा संघ वेगळा, साडी वेगळी.

प्रश्न (वरोरा, निवृत्त शिक्षक) : लहानपणी वडिलांसोबत नागपूरला गेलो की पायघोळ झग्यातल्या, डोकं पूर्ण झाकलेल्या सिस्टर दिसायच्या. आता साध्या साडीत, कधी सलवार-कमीजमध्येही दिसतात, स्कूटीवर जातात. यांनी आपली परंपरा सोडली असं म्हणायचं का? आणि एकाच धर्मात एवढे वेगवेगळे संघ कशाला?

सर, तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस खुश होते, कारण याचं उत्तर एकदम उलटं आहे. ज्या सेंट जोसेफ नावाच्या संघाच्या सिस्टर आपल्या नागपूर-कामठीकडं जुन्या, त्यांचीच गोष्ट सांगते म्हणजे लक्षात येईल.

फ्रान्समध्ये ल पुई नावाचं डोंगराळ भागातलं गाव आहे, लेस विणण्यासाठी प्रसिद्ध. तिथं १६५० साली सहा बायका एकत्र आल्या, कोणी राजघराण्यातल्या नाहीत, साध्या, काहींना तर सहीसुद्धा येत नव्हती. झाँ-पिएर मेदाय नावाचे जेझुइट संघाचे पाद्री त्यांचे मार्गदर्शक आणि तिथल्या बिशपनं, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखानं, परवानगी दिली. आता त्या काळची अडचण समजून घ्या. बाईनं देवाला वाहून घ्यायचं तर तिनं चार भिंतींच्या आत बंद व्हायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही असा चर्चचाच कडक नियम होता. खरं तर नन हा शब्द त्या भिंतीआडच्या बायकांचा, बाहेर काम करणाऱ्या त्या सिस्टर, आपण सरसकट दोघींनाही नन म्हणतो ते सोडा. १६१० मध्ये आन्सी गावात असाच एक संघ निघाला होता, गरिबांच्या घरी जायचं म्हणून, पण काही वर्षांतच त्यांनाही भिंतीआड बसवलं. हे ताजं उदाहरण समोर असताना या सहा जणींना गल्लीबोळात फिरायचं होतं!

मग त्यांनी काय केलं, तर वेगळा असा पोशाख घेतलाच नाही. त्या काळी तिथल्या विधवा जो साधा काळा झगा घालायच्या तोच घातला. विधवा बाई एकटी रस्त्यानं गेली तरी कोणी हटकत नसे, म्हणून. सर, तुम्ही लहानपणी जो झगा बघितला तो मुळात विधवेचा रोजचा कपडा, गावात मिसळून जाण्यासाठी घेतलेला. पुढं जगाची फॅशन बदलली, यांचा झगा तिथंच थांबला आणि तीनशे वर्षांनी तोच लांबून ओळखू येणारा गणवेश होऊन बसला. १९६२ ते १९६५ व्हॅटिकनमध्ये मोठी परिषद झाली, तिनं सगळ्या संघांना सांगितलं की तुमची सुरुवात कशासाठी झाली होती ते परत तपासा, कपडेही काळाला नि जागेला शोभतील असे ठेवा. मग आपल्याकडं साडी आली. माझं मत विचाराल तर साडी घेतली तेव्हा त्या पहिल्या सहा जणींच्या जास्त जवळ गेल्या. अर्थात जुन्या सिस्टरना ते जड गेलं असणार, माझ्या आजीनं नऊवारी शेवटपर्यंत सोडली नाही, तिला पाचवारी नेसायला सांगून बघायला हवं होतं कोणी!

कामाची पद्धत पण ऐका. गावाचे भाग पाडायचे, भाग वाटून घ्यायचे आणि कुठं कोण आजारी, कुठं कोण उपाशी, कुठली पोर एकटी पडली ते शोधून काढायचं. वाचताना मला आपली आशाताईच आठवली, तिच्याकडं नाही का ठरलेली घरं आणि रजिस्टर असतं, तसंच हे, साडेतीनशे वर्षांपूर्वी. एकट्या पोरींना लेस विणायला शिकवायच्या म्हणजे पोट भरेल आणि वाईट मार्गाला जावं लागणार नाही. त्यांच्या जुन्या लिखाणात 'प्रिय शेजारी' हा शब्द सारखा येतो आणि जगात कुठल्याही देशातली सेंट जोसेफची सिस्टर भेटली तरी हा शब्द तिला ठाऊक असतो. ओळख म्हणाल तर ही त्यांची ओळख.

आता एवढे संघ कशाला ते. गावोगाव छोटे छोटे गट निघाले आणि प्रत्येक गट आपापल्या बिशपच्या हाताखाली. मग फ्रेंच राज्यक्रांती झाली, कॉन्व्हेंट बंद, सिस्टर घरोघर पांगल्या, काही जणींना गिलोटिनवर, म्हणजे मान कापायच्या यंत्रावर, चढवलं. झान फोंबोन नावाची एक सिस्टर तुरुंगात मरणाची वाट बघत होती, तेवढ्यात जुलै १७९४ मध्ये क्रांतीतला कडक पुढारी रोबेस्पिएरच पडला आणि ती सुटली. सुटून गेली कुठं तर आईबापाच्या घरी. बारा-तेरा वर्षं तिथं राहिली, संघ नाही, काही नाही. १८०७ मध्ये सेंट एतिएन गावातून बोलावणं आलं, काही बायका-मुली जमल्या होत्या त्यांना शिकवायला, आणि तिथून सगळं परत उभं राहिलं. पुढं लियाँ मोठं केंद्र झालं, १८१२ मध्ये शाँबेरीला गट गेला, १८३३ मध्ये शाँबेरीतून आन्सीचा वेगळा झाला, १८३६ मध्ये काही जणी थेट अमेरिकेला. आन्सीच्या सिस्टर १८४९ मध्ये आपल्याकडं, आंध्रच्या किनाऱ्यावरच्या यानमला उतरल्या, तेव्हा सुएझचा कालवाही नव्हता. आपलं नागपूर त्या काळात चर्चच्या हिशोबात विशाखापट्टणमखाली होतं, १८८७ मध्ये वेगळं झालं, म्हणून तो रस्ता समुद्राकडून इकडं वळला.

म्हणजे भावाभावात वाटण्या झाल्या, धुरे वेगळे पडले, सातबारे वेगळे झाले, कुलदैवत मात्र एकच, असं समजा. आणि आपल्यासारखं धुऱ्यावरून कोर्टात गेल्याचं माझ्या वाचण्यात नाही!

तुमच्या वरोऱ्याकडं, चंद्रपूर-गडचिरोलीत, अजून वेगळं. तिथं १९६२ पासून केरळच्या सिरो-मलबार चर्चचं (सिरियन रीतीनं प्रार्थना करणाऱ्या कॅथलिकांचं) काम आहे म्हणून मल्याळी सिस्टर जास्त. केरळात स्थानिक बायकांचा पहिला संघ १८६६ मध्ये कूनम्मावू गावी निघाला, त्यांचं पहिलं कॉन्व्हेंट बांबूच्या तट्ट्यांचं होतं, अजून त्याला तट्ट्यांचा मठ अशा अर्थाच्या नावानंच ओळखतात. तोही संघ १८९० मध्ये लॅटिन आणि सिरियन अशा प्रार्थनेच्या दोन रीतींवरून दोन झाला. गडचिरोलीच्या माणसाला तट्ट्याचं घर काय ते सांगायला नको.

प्रश्न (अचलपूर, कॉलेजमधली मुलगी) : शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरला पगार असतो ना? मग ती खर्च कशावर करते? आणि मनात आलं की लगेच सिस्टर होता येतं का?

अनुदानित शाळेत असेल तर बाकी शिक्षकांसारखाच पगार, पण तिनं गरिबीचं व्रत घेतलेलं असतं म्हणून तो संघाच्या खात्यात जातो. तिला कपडालत्ता, औषध, प्रवास संघाकडून. यावरून मोठी कोर्टबाजी झाली, पैसे सिस्टर स्वतः ठेवतच नाही तर टीडीएस कशाला कापता म्हणून. तमिळनाडू-केरळची प्रकरणं होती, २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पगार तिच्या नावानं निघतो ना, मग पुढं तो कोणाला का देईना, टॅक्स कापला जाणार. माझ्या ओळखीच्या एका सिस्टरला विचारलं तर हसली, म्हणे आमच्याकडं फॉर्म सोळा असतो, पैसा नसतो.

आणि लगेच नाही गं होता येत. आधी काही काळ नुसतं राहून बघायचं, मग नोव्हिशिएट म्हणजे निदान बारा महिन्यांचं प्रशिक्षण, मग तात्पुरती व्रतं निदान तीन वर्षं, जास्तीत जास्त नऊ, आणि त्यानंतर कायमची. तात्पुरत्याची मुदत संपली की घरी परत जाता येतं. इतका विचार आपल्याकडं लग्न ठरवताना कोण करतं, चहा-पोहे झाले की तारीख काढतात!

प्रश्न (आर्वी तालुका) : आमच्याकडं दवाखान्यात येणाऱ्या सिस्टरशी बोलताना काय म्हणावं, मॅडम की माताजी? चुकलं तर राग येतो का?

सिस्टर म्हणा, झालं. संघाच्या प्रमुख असतील तर काही ठिकाणी मदर म्हणतात. रागाचं म्हणाल तर आमच्या गावच्या सिस्टरबद्दल सांगते. केरळच्या, मराठी आमच्याकडंच शिकल्या त्यामुळं शाळेतलं मराठी कमी आणि वऱ्हाडीच जास्त. बुधवारच्या बाजारादिवशी दवाखान्याच्या ओट्यावर तसराळ्यात औषधाचं जांभळं पाणी घेऊन बसायच्या, वखराची पास लागलेले, काटा मोडलेले, गळू झालेले पाय एकेक करून त्यात बुडवायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन, पट्टी खाजते म्हणून घरी सोडून टाकली होती तर माझा पाय मांडीवर घेऊन म्हणाल्या, "काऊन बाप्पा, पट्टी काऊन सोडली?" माझी आजी त्यांना शिस्टरबाई म्हणायची, आणि पट्टी बांधून झाली की पदराच्या गाठीतून चार आणे काढून पुढं करायची. त्या घ्यायच्या नाहीत. मग आजी पुढच्या बुधवारी आंबाडीची भाजी घेऊन जायची, ती मात्र घ्यायच्या आणि भाकरी कशी थापायची ते परत एकदा विचारायच्या, कारण त्यांची भाकरी दर वेळी तव्यावर टाकतानाच तुटायची.