प्रोस्टेट कॅन्सरचं निदान झालं आहे. स्वतः वाचून माहिती घ्यावी का? आणि इतर रुग्णांशी बोलून खरंच काही उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलं आहे की पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन) ९ आला, बायॉप्सीत ग्लीसन (पेशी किती बिघडल्या आहेत ते दाखवणारा आकडा) ७ निघाला, डॉक्टर म्हणाले ऑपरेशन की रेडिएशन ते ठरवून या, आणि घरचे म्हणतात जास्त वाचू नका, उगाच घाबराल. मी हाच आजार घेऊन जगतो आहे. आधी ऑपरेशन झालं, काही वर्षांनी पीएसए पुन्हा वर सरकला, मग रेडिएशन आणि त्याच्या जोडीला हार्मोनची इंजेक्शनं झाली. तेव्हा हे उत्तर एका रुग्णाचं आहे, डॉक्टरचं नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

वाचाच. आणि ज्यांचं हे सगळं होऊन गेलं आहे अशा दोघा-तिघांशी बोलाच. फक्त कुठली गोष्ट कुणाला विचारायची हे आधी पक्कं करा. उपचार कुठला घ्यायचा हे तुमचा रिपोर्ट, तुमचं वाचन आणि तुमचे डॉक्टर यांच्यातून ठरू द्या. त्या उपचारानंतरचे दिवस कसे काढायचे, हे मात्र त्यातून गेलेला माणूसच नीट सांगतो. नव्याने निदान झालेल्या पुरुषांशी मी बोलत असतो, आणि सगळ्यात जास्त नुकसान मला तिथे दिसलं आहे जिथे या दोन्हींची अदलाबदल झाली. ओळखीच्या कुणीतरी रेडिएशन घेतलं म्हणून यांनीही घेतलं, आणि लघवीवरचा ताबा जाईल का, हा प्रश्न मात्र संकोचापायी कुणालाच विचारला नाही.

वाचायला सुरुवात करायची ती स्वतःच्या रिपोर्टपासून. बायॉप्सीच्या रिपोर्टची पूर्ण प्रत मागून घ्या आणि त्यात ७ ही बेरीज कशी झाली ते बघा. पॅथॉलॉजिस्ट पेशींच्या रचनेला १ ते ५ असे आकडे देतो. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेचा आकडा आधी आणि दुसरा त्यानंतर, अशी ती बेरीज असते. अमेरिकी पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. पुढे तिच्यात बरेच बदल झाले आणि आज बायॉप्सीत ६च्या खालचा आकडा जवळजवळ दिलाच जात नाही. म्हणून '१० पैकी ६' ऐकून ज्यांची झोप उडते त्यांना मी आधी हेच सांगतो की ६ ही सगळ्यात खालची पायरी आहे. तुमचं ७ आहे. ते ३+४ असेल तर आजाराच्या तीव्रतेच्या पाच गटांपैकी दुसरा गट, ४+३ असेल तर तिसरा. बेरीज एकच, पण आजाराचा स्वभाव वेगळा, आणि त्याप्रमाणे उपचारही वेगळे ठरू शकतात. ३+४मध्ये ४चं प्रमाण अगदी थोडं असेल, तर काही जणांना लगेच उपचार न करता नियमित तपासण्या करत लक्ष ठेवण्याचाही पर्याय दिला जातो. तुम्हाला दोनच पर्याय सांगितले गेले आहेत. तिसरा तुम्हाला का लागू नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

त्याच रिपोर्टमध्ये किती तुकडे घेतले आणि त्यांतल्या किती तुकड्यांत कॅन्सर सापडला हे असतं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये गाठ प्रोस्टेटच्या आवरणाबाहेर गेल्याचा संशय आहे का, हे असतं. बायॉप्सीच्या स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेता येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दोन तज्ज्ञांचं मत ३+४ आणि ४+३ यांवर वेगळं पडणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. प्रोस्टेटपुरत्या मर्यादित आजारात विचार करायला बहुतेकांना काही आठवडे तरी मिळतात. तुम्हाला किती वेळ आहे ते डॉक्टरांना थेट विचारा आणि तो वेळ या कामी लावा.

'उगाच घाबराल' या म्हणण्यात तथ्य आहे, पण भीती बहुधा अर्धवट वाचनाने वाढते. एक उदाहरण देतो. ब्रिटनमध्ये 'प्रोटेक्ट' नावाची मोठी चाचणी झाली. ५० ते ६९ वयोगटातल्या, आजार प्रोस्टेटपुरता असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत विभागलं: ऑपरेशन, रेडिएशन आणि फक्त देखरेख. सुमारे १५ वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. तिन्ही गटांत शंभरातल्या साधारण ९७ जणांचा प्रोस्टेट कॅन्सरने मृत्यू झाला नव्हता. एवढंच वाचलं तर वाटेल, मग उपचार हवेत कशाला? पुढे वाचलं की कळतं, देखरेखीच्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण उपचार घेतलेल्यांच्या जवळपास दुप्पट होतं, आणि त्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांनी मधल्या काळात उपचार घेतलेच होते. आणखी पुढे वाचलं की दिसतं, ऑपरेशनवाल्यांना लघवी गळण्याचा आणि ताठरतेचा त्रास जास्त झाला, तर रेडिएशनवाल्यांना शौचाचा. सहभागी झालेल्यांत कमी जोखमीचे रुग्ण जास्त होते, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ. तुम्ही त्या लोकांसारखे आहात की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण तो प्रश्न तुम्हाला सुचला तर वाचन सार्थकी लागलं असं मी म्हणेन.

स्वतः अभ्यास करणाऱ्या रुग्णांमध्ये इंटेल कंपनीचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचं नाव बरेचदा निघतं. १९९५मध्ये त्यांना हा आजार असल्याचं कळलं. त्यांनी शोधनिबंध वाचले, आकड्यांचे आलेख स्वतः काढले, वेगवेगळ्या पद्धतींचे डॉक्टर गाठले आणि १९९६मध्ये 'फॉर्च्यून' मासिकात सगळं मोकळेपणाने लिहिलं. त्यांनी घेतलेला उपचार, म्हणजे प्रोस्टेटमध्ये आतून दिलेलं जास्त मात्रेचं रेडिएशन, तुम्हीही घ्यावा म्हणून मी हे सांगत नाही. तेव्हाचं शास्त्र आणि आजचं यांत फार अंतर आहे. त्यांची रीत मात्र घेण्यासारखी आहे. एकाच तज्ज्ञाकडून सगळे पर्याय ऐकू नका. शल्यविशारदाला ऑपरेशन जवळचं वाटतं, रेडिएशनच्या डॉक्टरला रेडिएशन, आणि यात कुणाचा कावा नसतो. म्हणून ठरवण्याआधी युरॉलॉजिस्ट आणि रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट दोघांनाही भेटा आणि दोघांना एकच प्रश्न विचारा: आधीच्या उपचाराने काम झालं नाही, तर पुढे माझ्यासाठी काय उरतं?

आता सोबत्यांविषयी, म्हणजे याच आजारातून गेलेल्या इतर रुग्णांविषयी. इथे मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण पुरुष नेमके इथेच गप्प बसतात.

ऑपरेशनच्या संमतिपत्रावर 'मूत्रनियंत्रणावर परिणाम संभवतो' एवढं छापलेलं असतं. कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) निघाल्यावर सुरुवातीला खोकताना, शिंकताना, खुर्चीतून उठताना लघवी गळते, संध्याकाळी दमल्यावर जास्त गळते, बाहेर जाताना पॅड आणि पँट जवळ ठेवली की जीव शांत राहतो, हे मला माझ्याआधी ऑपरेशन झालेल्या माणसाने सांगितलं. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम, ज्यांना किगल म्हणतात, ते ऑपरेशनच्या आधीपासून शिकून घ्या हेही त्याचंच सांगणं. तुम्हालाही सांगतो, फिजिओथेरपिस्टकडून ते एकदा समजून घ्या, कारण बरेच जण त्याऐवजी पोट आवळत बसतात. ऑपरेशननंतर वीर्य बाहेर येत नाही, पण कामसुखाची जाणीव राहू शकते. ताठरता परत यायला दीड-दोन वर्षंही लागतात आणि काहींना ती पूर्ण येतच नाही. शिश्नाची लांबी थोडी कमी झाल्याचंही काही जणांना जाणवतं. हे आधी माहीत असलेला माणूस आणि नंतर एकट्याने शोधून काढणारा माणूस यांच्या मनःस्थितीत फार फरक असतो. पत्नीलाही हे आधीच माहीत हवं. शक्य असेल तर तिने दुसऱ्या रुग्णाच्या पत्नीशी बोलावं, त्या दोघींचं बोलणं आपल्या बोलण्यापेक्षा पुष्कळ स्पष्ट होतं. जोडीदार नसलेल्यांची आणि समलैंगिक पुरुषांची अडचण आणखी वेगळी. बहुतेक बोलणं पती-पत्नी गृहीत धरून चालतं, म्हणून त्यांनी आपल्यासारखाच सोबती आवर्जून शोधावा.

हार्मोनच्या इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन अगदी खाली जातं. अंगातून गरम वाफा येतात, घामाने रात्री जाग येते, पोटावर चरबी वाढते, दंडाचं बळ कमी होतं, हाडं विरळ होतात, कामेच्छा मावळते. हे वाचनात सापडतं. पण बातम्या बघताना डोळ्यांत पाणी का येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तीच इंजेक्शनं घेणारा एक जण फोनवर म्हणाला, 'मलाही येतं. औषधाचं काम आहे ते, तुझं नाही.' त्या वाक्याने मला जेवढा आधार दिला तेवढा दुसऱ्या कशाने दिला नाही. वजन उचलण्याचे व्यायाम थकवा आणि स्नायूंची झीज कमी करतात याला चांगला शास्त्रीय आधार आहे. पण दमलेल्या माणसाला सकाळी घराबाहेर काढतो तो बरोबर येणारा सोबती.

सोबत्याकडून काय घेऊ नये, तेही तितकंच ठामपणे सांगतो. पहिली गोष्ट, पीएसएचा आकडा. ऑपरेशन झालेल्याचा पीएसए ०.१च्या खाली जाणं अपेक्षित असतं आणि तो दोनदा ०.२ किंवा वर आला तर आजार परतल्याचं मानतात. रेडिएशन घेतलेल्याच्या शरीरात प्रोस्टेट असतंच, म्हणून त्याचा पीएसए हळूहळू उतरतो, मध्ये थोडा उसळून पुन्हा खालीही येतो, आणि सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ने वाढला तर आजार परतला असं धरतात. एकाचा ०.३ काळजीचा आणि दुसऱ्याचा ०.३ आनंदाचा असू शकतो. आकडे एकमेकांशी ताडून रात्र जागवणारे मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट, गोळ्या आणि चूर्णं. 'मला फरक पडला' हे माणूस मनापासून सांगतो, पण ज्यांना फरक पडला नाही त्यातले बरेच जण सांगायला उरलेले नसतात. आठ वनस्पतींचं मिश्रण म्हणून विकलं जाणारं 'पीसी-स्पेस' रुग्णांमध्ये फार लोकप्रिय होतं. त्याने पीएसए खरोखर उतरायचा. २००२मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं, कारण त्यात रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं. ई जीवनसत्त्व आणि सेलेनियमने हा कॅन्सर टळेल अशी आशा होती. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर त्याची चाचणी झाली. २०११मध्ये दिसलं की नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त होता. तेव्हा कुठलीही बाटली उघडण्याआधी तिच्यावरचं लेबल डॉक्टरांना दाखवा.

सोबती शोधताना आजाराची पायरी आणि उपचार आपल्याशी जुळणारे बघा, आणि तो आपल्यापेक्षा एक-दोन वर्षं पुढे असेल तर उत्तम. हाडांत पसरलेला आजार असलेल्यांना वेगळी सोबत लागते. लवकर सापडलेल्यांच्या गटात त्यांना परकं वाटतं, आणि नवख्यांना त्यांचं ऐकून धडकी भरते. उपचार घेतलेल्या पुरुषांनी एकत्र येऊन गट बांधणं फार जुनं नाही. अमेरिकेतला 'अस टू' १९९०मध्ये सुरू झाला. तुमच्या रुग्णालयातल्या नर्सला किंवा समाजसेवकाला विचारा, बोलायला तयार असलेला जुना रुग्ण बहुधा त्यांच्या माहितीत असतो. पहिल्या भेटीत नुसतं ऐकलंत तरी चालेल.

वडील, भाऊ, आई, बहीण यांच्यापैकी कुणाला प्रोस्टेटचा, स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांगा. या कॅन्सरची जोखीम वाढवणारा बीआरसीए-२ या जनुकातला दोष वडिलांकडून मुलीकडेही जातो, त्यामुळे हा प्रश्न फक्त मुलग्यांचा राहत नाही.

घरच्यांना पुढच्या भेटीला बरोबर न्या आणि लिहून घ्यायचं काम त्यांच्याकडे द्या. 'कॅन्सर' शब्द कानी पडल्यावर पुढचं अर्धं रुग्णाच्या डोक्यात शिरत नाही. रात्री झोपण्याआधी या विषयावर काही वाचू नका. आणि झोप पार गेली, जेवण नकोसं झालं, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, तर सोबत्याशी बोलण्यावर भागवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हे पुष्कळ पुरुषांना होतं, आणि त्यावर उपचार आहेत.