शेवटची किक नंतर बघ

अरे, मेसेज वाचला तुझा. बफेलोत शिकायला काय गेलास आणि एका हिवाळ्यात पक्का बिल्सवाला, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा फॅन, होऊन बसलास, आता त्यांच्या गाजलेल्या मॅचेसवर मराठीत लिहायचंय म्हणतोस, तर लिही की, छानच आहे. फक्त ती पाठवलेली लिस्ट बाजूला ठेव. त्यात सगळे शेवटचेच क्षण आहेत, किक हुकली, लोक रडले, संपलं. मॅच तिथे ठरत नाही रे, तिथे नुसती संपते.

२७ जानेवारी १९९१ घे. टॅम्पा, जायंट्सविरुद्ध सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल. सगळ्यांना एवढंच पाठ की ८ सेकंद उरलेले असताना बिल्सचा किकर स्कॉट नॉरवूडची ४७ यार्डांची किक गोलखांबांच्या उजवीकडून बाहेर गेली आणि बिल्स २०-१९ हरले, बिचाऱ्याच्या नावाला ती कायमची चिकटली. पण तू तिसरा क्वार्टर लाव. जायंट्स साडेनऊ मिनिटं बॉल सोडतच नाहीत, १४ प्ले, ७५ यार्ड, टचडाउन, म्हणजे बॉल थेट समोरच्या टोकापार. मधे एक थर्ड अँड थर्टीन येतो, म्हणजे तिसरा चान्स आणि १३ यार्ड हवेत, त्यांच्या मार्क इन्ग्रमला छोटासा पास मिळतो आणि बिल्सवाले एकामागून एक अंगावर येतात, हा पठ्ठ्या एकेकाच्या हातातून निसटत १४ यार्ड काढतो. चौदा! तिथे कोणी एकाने नीट धरला असता ना, तर नॉरवूडचं नाव आज कोणी घेतलं नसतं. ६० मिनिटांपैकी ४० हून जास्त मिनिटं बॉल जायंट्सकडे होता. बिल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा, जिम केली; त्याच्या ज्या टीमने आठवडाभर आधी रेडर्सना ५१-३ धुतलं होतं, ती साइडलाइनला उभी राहून बघत बसली. आणि दुसऱ्या दिवशी नायगारा स्क्वेअरला हजारो लोक जमले ते नॉरवूडच्याच नावाचा गजर करायला, हे नक्की लिही.

कम्बॅक तर सगळेच लिहितात. ३ जानेवारी १९९३, ऑयलर्स ३५-३ ने पुढे, केली जखमी म्हणून बॅकअप फ्रँक राइक खेळतोय, आणि शेवटी ओव्हरटाइममध्ये ४१-३८ ने बिल्स जिंकतात. त्यातही मला आवडतं ते वेगळंच, पहिल्या टचडाउननंतरची ऑनसाइड किक, म्हणजे बॉल आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली छोटी किक, जी बिल्सचा किकर स्टीव्ह क्रिस्टीने मारली आणि स्वतःच जाऊन पकडली. तिकिटं संपली नव्हती म्हणून बफेलोत टीव्हीवर मॅच दाखवलीच नाही, अर्धं गाव रेडिओला कान लावून. आणि हो, बिल्सच्या डॉन बीबीच्या टचडाउनला त्याचा पाय आधी मैदानाच्या लाइनबाहेर पडला होता, पंचांना दिसलं नाही, तेव्हा रिप्लेचा नियम नव्हता. फॅन आहेस म्हणून हे गाळू नकोस, मग लोक बाकीचंही खरं मानतात.

२३ जानेवारी २०२२ चं कॅन्सस सिटी तुला अजून सलत असेल. १३ सेकंद, बिल्स ३६-३३ पुढे. सगळे त्यांचा क्वार्टरबॅक माहोम्सच्या दोन पासचं बोलतात, मला विचारशील तर घोळ त्याआधीच झाला, बिल्सने किकऑफ थेट एंड झोनपार, म्हणजे मैदानाच्या टोकापार, मारला. बॉल खाली पाडला असता तर उचलून पळण्यात काही सेकंद गेले असते, इथे घड्याळ हललंच नाही. मग दोन पासमध्ये ४४ यार्ड, त्यांचा किकर बटकरची बरोबरी करणारी ४९ यार्डांची किक, ओव्हरटाइमचा टॉसही कॅन्सस सिटीनेच जिंकला, लगेच टचडाउन, आणि बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अॅलनच्या हाती बॉल परत आलाच नाही, ४२-३६ ने हरले. त्यानंतर प्लेऑफचा, म्हणजे बाद फेरीचा, ओव्हरटाइमचा नियमच बदलला.

नियम आधी सगळे समजावत बसू नकोस, वाचक पळतील. इन्ग्रमपाशी डाउन, म्हणजे तो चान्स, समजाव, बीबीपाशी लाइन, बास. प्रत्येक ठिकाणी क्रिकेटही घुसवू नकोस प्लीज.

पहिला लेख टॅम्पाचा कर आणि पाठव, आणि किक दुसऱ्या पानाआधी आली तर मी वाचणार नाही.